सायमनकाकांचं कासव

बांधकामाच्या मालाच्या धंद्यात दोन गोष्टी हमखास साठतात. एक फरशीचे सॅम्पल तुकडे आणि दुसरे किस्से. दोन्ही विकले जात नाहीत आणि दोन्ही फेकवत नाहीत. सॅम्पल मी गोडाऊनच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवतो. किस्से चहा आला की काढतो. मी सातवी शिकलेला माणूस. चुना, सिमेंट, कौलं, माणसं, यातलं जे काही कळतं ते गिऱ्हाइकांनी शिकवलं, आणि सगळ्यात जास्त शिकवलं ते वणीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या चर्चनं.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली पंच कमिटी उद्या माझ्या दुकानावर येऊन बसेल, आणि ती बसली की संध्याकाळपर्यंत उठत नाही. तीस-पस्तीस घरांची ख्रिस्ती वस्ती, आजूबाजूला द्राक्षबागा आणि मधोमध काळ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं चर्च. वस्तीतली जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. माझा त्याच्याशी संबंध आला तो गळक्या छपरामुळे.

•

पहिल्यांदा माप घ्यायला गेलो. चपला बाहेर काढल्या, दारातून आत पाऊल टाकलं, तोच मागून आवाज आला, "ओ शेठ, पाय."

मी पाय उचलला. वाटलं खाली काहीतरी आलं. खाली काही नव्हतं. दाराच्या लगेच आत एक मोठी फरशी, बाकीच्यांसारखीच काळी. आवाज देणाऱ्या होत्या मार्थाआजी. नव्वदीला टेकलेल्या, हातात काठी, वस्तीत सगळ्यांत वडील.

"तिच्यावर पाय नाय देत. वलांडून या."

"का हो आजी?"

"का म्हंजी? वलांडून यायचं."

मग मी बाजूला उभा राहून बघत बसलो. पोरं, बाया, म्हातारे, जो येतो तो दारात एक लांब ढांग टाकून आत येतो. खाली कोणी बघतसुद्धा नाही. साळवे गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणजे कमिटीचे मुख्य पंच, सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली. ते म्हणाले, "पूर्वी ती फरशी हलत असेल. लोकांना सवय लागली. शास्त्रीय कारण काही नाही." एवढं बोलून गुरुजी आत आले. ढांग टाकून.

पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तर बाहेरचे. बदली होऊन आलेले, वयानं तरुण. त्यांना विचारलं तर हळूच म्हणाले, "पहिल्या रविवारी मी तिच्यावर पाय देऊन आत गेलो होतो, शेठ. तासभर प्रवचन केलं. सगळी मंडळी माझ्या पायांकडे बघत होती."

•

वेदीच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची. नुसती ओल असती तर काही नव्हतं. ही यायची बरोबर कमानीच्या आकाराची, माणसाहून उंच, दोन्ही बाजू सारख्या.

पहिल्या वर्षी मी वॉटरप्रूफ रंग दिला. दुसऱ्या वर्षी त्याहून भारी दिला. तिसऱ्या वर्षी कंपनीचा माणूसच सोबत नेला. त्यानं भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि दहा वर्षांची गॅरंटी दिली. आषाढात कमान परत हजर.

तोवर ही बातमी बाहेर फुटली होती. नाशिकहून दोन गाड्या भरून माणसं आली, मोबाइलवर फोटो काढून गेली. कोणी म्हणे दर्शन आहे, कोणी म्हणे संकेत आहे. पाळकसाहेब बेजार. मला फोन करून म्हणाले, "शेठ, काहीतरी करा. पुढच्या रविवारी बस येणार आहे."

मी गेलो तेव्हा सायमनकाका पायरीवर बसून सुपारी कातरत होते. सायमनकाका म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे. पंच्याहत्तरी उलटलेली, आणि जाणतेपणापासून एकही रविवार चुकवलेला नाही. आमची चर्चा त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते दार हाय."

"कुठलं दार, काका?"

"जुनं. साहेबानं बुजवाया लावलेलं. आत मातीचा भराव हाय, तो पानी पितो."

पाळकसाहेब पायरीवरच बसले. "काका, तीन वर्षं का नाही सांगितलं?"

"शेठ एवढ्या हौसेनं रंग आनत व्हते. वाईट वाटलं असतं त्यास्नी."

•

दार का बुजवलं, तेही काकांकडूनच ऐकलं.

चर्च बांधायचं ठरलं तेव्हा गोऱ्या साहेबानं कागदावर नकाशा काढून दिला आणि स्वतः उन्हाळा काढायला थंड हवेला निघून गेला. कामावर मुख्य होता काकांचा पणजोबा, भिवा गवंडी. जन्मभर देवळं बांधलेला माणूस. त्यानं नकाशा दोन दिवस सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, मग घडी घालून पागोट्यात खोचला आणि कामाला लागला. देऊळ म्हटलं की देव पश्चिमेला आणि दार पूर्वेला. एवढ्यासाठी त्याला कागद बघायची गरज नव्हती.

साहेब पावसाच्या तोंडाला परत आला तोवर जमीन फरसबंद झाली होती आणि भिंती खिडक्यांच्या वर गेल्या होत्या. साहेबाच्या रीतीनं पाहिजे होती पूर्वेला वेदी आणि पश्चिमेला दार. इथं सगळं बरोबर उलटं. साहेब लालबुंद झाला. भिवानं हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, भिंती पाडू नका. दगड तेच, देव तोच. तुमी नुसते वळून बसा."

साहेब हसला म्हणतात. पण वळून बसला नाही. त्यानं पूर्वेचं दार बुजवलं, पश्चिमेची भिंत फोडून तिथं दार काढलं आणि अख्खं चर्च आतल्या आत फिरवलं. भिवानं तेवढ्यातही नव्या दाराच्या दोन्ही बाजूंना दिव्यासाठी कोनाडे काढलेच. आज त्यातल्या एकात विजेचं मीटर आहे.

पाया खणायला आला तेव्हा तो भिवा होता. कौलं चढेपर्यंत बेंजामिन झाला, आणि तिथंच राहिला. आपले काका त्याची चौथी पिढी.

•

चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणारे लोक याच रस्त्यानं जातात. चर्चच्या आवारात मोठी चिंच आहे, तिच्या सावलीत टेकतात. काका त्यांच्यासाठी माठ भरून ठेवतात.

एकदा मालेगावकडची एक म्हातारी पाणी पिऊन उठली. तिला दाराशेजारचे कोनाडे दिसले. हात जोडून आत गेली, सगळं फिरून बघितलं आणि बाहेर आली. दारात गुरुजी उभे होते. तिनं आवाज खाली करून विचारलं, "भाऊ, मूर्ती चोराई गई का?"

गुरुजी म्हणाले, "नाही हो आजी. आमच्यात मूर्ती नसते."

म्हातारीनं जरा विचार केला. "मंग दार उघडं ठेवतस ते बरोबर शे."

हा किस्सा गुरुजी स्वतः सांगतात. हे त्यांचं मोठेपण.

•

माझ्या सिमेंटच्या गिलाव्यानं त्या भिंतींवर कधी तग धरला नाही. दोन पावसाळे गेले की पोपडे. शेवटी दगडू मिस्त्री म्हणाला, "शेठ, ह्या दगडाला सिमेंट मानवत नाय. ह्याला चुना पायजे, जुन्या पद्धतीचा." दगडू माझ्याकडचा सगळ्यात जुना गवंडी. दगडाशी बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही.

त्यानं पंधरा दिवस चुना भिजत घातला. हरड्याचं पाणी केलं. गूळ किती घालायचा यावर अर्धी वस्ती मत द्यायला जमली. काका म्हणाले मूठभर. मार्थाआजी म्हणाल्या, "देवाचं काम हाय, हात आखडू नका." हात आखडला नाही.

शनिवारी भिंत लिंपून झाली. रविवारी सकाळी उपासनेसाठी दार उघडलं तर मुंग्या. भिंतीवर मुंग्या, बाकांवर मुंग्या, बाजाच्या पेटीवर मुंग्या. बाया पदर झाडतायत, पुरुष पाय झाडतायत. पाळकसाहेब वेदीपुढे उभे राहिले, आधी भिंतीकडे बघितलं, मग मंडळीकडे आणि म्हणाले, "मी आल्यापासून एवढी हजेरी आज पहिल्यांदाच आहे."

गिलावा अजून आहे.

•

आता छपराचं. सागवानी कैच्या, म्हणजे कौलांचा भार पेलणारे लाकडी त्रिकोण, अजून खणखणीत. पण वरच्या पट्ट्या सडलेल्या, निम्मी कौलं फुटकी. गुरुजींनी कमिटीपुढे ठराव आणला की डागडुजी पुरे, हे पाडून नवीन बांधू. आरसीसी, वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स.

खोटं कशाला बोलू? स्लॅब म्हणजे माझ्या दुकानाची दिवाळी. लोखंड, सिमेंट, टाइल्स, रंग, सगळं माझ्याकडून. नुसतं छप्पर नीट करायचं ठरलं तर माझ्या वाट्याला थोडी कौलं, खिळे आणि चुन्याच्या दोन गोण्या. तरी मी मीटिंगला गेलो ते 'आपलं काय, तुम्ही ठरवाल ते' असा चेहरा करून.

मीटिंग चर्चमध्येच होती, मंगळवारी. त्याच्या आधीच्या रविवारी सुगीची उपासना झाली होती. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या रानातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतं. द्राक्षं, कांदे, मेथी, कोणी कोंबडी. उपासना संपली की तिथंच त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी एक कोंबडा लिलावातून सुटला आणि वर कैचीवर जाऊन बसला. मंगळवारपर्यंत उतरला नव्हता.

गुरुजी उभे राहिले. "मंडळी, काळ बदलला. आता स्लॅब..."

कोंबडा आरवला.

गुरुजींनी चष्मा नीट केला. "मी म्हणत होतो, स्लॅब टाकला की..."

कोंबडा आरवला.

गुरुजी पडले विज्ञानाचे. त्यांनी प्रयोग करून बघितला. म्हणाले, "सपाट छप्पर." वर शांतता. "आरसीसी छप्पर." शांतता. मग हळूच, "स्लॅब."

आरवला.

पाळकसाहेब गंभीरपणे म्हणाले, "हे मत नोंदवून घ्यायचं का?"

हसता हसता मंडळी बाकांवरून खाली यायची बाकी होती. हसत नव्हते फक्त सायमनकाका. ते उठले आणि म्हणाले, "पाडू नका. खाली कासव हाय."

•

हे कासव काय, ते सांगायला पाहिजे. आपल्या देवळात देवासमोर जमिनीत दगडी कासव असतं. दर्शनाला गेलेला माणूस आधी कासवाला हात लावतो. भिवा गवंड्यानं जन्मभराच्या सवयीनं इथंही देवासमोर एक कासव कोरून बसवलं. साहेबानं बघितलं आणि म्हणाला, हे काढा. भिवानं काढलं नाही, पालथं घातलं. हे काकांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. डोळ्यांनी बघितलेलं कोणी नाही.

वस्तीत त्याची चेष्टा व्हायची. पाण्याची नवी टाकी कधी होणार? काकांचं कासव निघालं की. सोसायटीचं कर्ज कधी माफ होणार? काकांचं कासव निघालं की. वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांनी काही टाकलं की खाली पहिला रिप्लाय कासवाचं चित्र.

मीटिंगमध्येही लोक हसले. गुरुजी मात्र तापले. "काका, लहानपणापासून ऐकतोय मी हे. भिवा गवंड्यानं इथं स्वतःच्या हातानं काही कोरून ठेवलं असेल, तर त्याच्यावर मी घण घालू देणार नाही. कासव दाखवा, मी ठराव मागे घेतो. पण नाही निघालं, तर तुम्ही परत मधे बोलायचं नाही."

"नाय बोलनार," काका म्हणाले.

शनिवार ठरला.

•

गुरुवारी काका एसटीनं माझ्या दुकानात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. चहा घेतला, टाइल्सच्या सॅम्पलवरून हात फिरवला. म्हणाले, "ग्वाड हाय. पन म्हाताऱ्या मानसाचा पाय घसरंल."

बराच वेळ बसले. मग म्हणाले, "शेठ, तुमचा धंदा हाय, त्यात मी काय बोलत नाय. येकच सांगायला आलो. कासव नाय निघालं आन देऊळ पाडायचं ठरलं, तर घंटा उतरवायला मला बोलवू नका. दुसरा कोनी बगा."

मी म्हटलं, "काका, निघेल की कासव."

"निगंल. पन मी बगितलेलं नाय ना, शेठ. बापानं सांगितलेलं हाय." उठता उठता म्हणाले, "बाप खोटं बोलत नव्हता. पन तंबाखू सोडली म्हनायचा आन खायचा."

•

शनिवारी सकाळी सगळी वस्ती चर्चमध्ये. दगडू मिस्त्री पहार घेऊन तयार. खणायचं कुठं, यावर वादच नव्हता. कासव देवासमोर असतं, म्हणजे वेदीपुढे. पहिली फरशी उचलली. खाली मुरूम. दुसरी उचलली. मुरूम. तिसऱ्या फरशीखाली मातीची एक मोडकी चिलीम निघाली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "काका, कासव चिलीम वडत व्हतं का?" सगळे हसले.

नवव्या फरशीनंतर कोणी हसेना. दगडू घाम पुसत उभा राहिला. गुरुजी काकांजवळ गेले आणि अगदी हळू म्हणाले, "काका, बास करू या."

काका पहिल्या बाकावर बसले. मान खाली. मी वाईट वाटून घेतलं, पण मनातल्या मनात लोखंडाचा ट्रक भरायलाही घेतला होता. धंदेवाईक माणसाचं मन हे असं.

एवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. मार्थाआजी. त्यांना घरून यायलाच तेवढा वेळ लागतो. "काय रं गोंधळ मांडलाय देवळात?" म्हणत त्यांनी काठी पुढे टेकली, पाय उचलला, दारातली फरशी ओलांडली आणि आत आल्या.

दगडूनं खाली ठेवलेली पहार परत उचलली. तो दाराकडेच बघत होता.

"काका," तो म्हणाला, "साहेबानं देऊळ फिरवलं ना?"

"व्हय."

"मंग तवा देव ह्या अंगाला व्हता." आणि त्यानं पहारीनं दार दाखवलं.

दगडूनं दारातल्या फरशीच्या सांध्यात पहार घातली. चौघं लागले. फरशी हळूहळू उभी झाली. तिच्या खालच्या मुरमात वाटीसारखा खळगा उमटला होता, आणि फरशीची खालची बाजू मातीनं माखलेली. काकांनी गळ्यातला गमछा काढला आणि पुसायला बसले. आधी गोल पाठ दिसली. मग पाय. मग पुढे काढलेली मान.

काकांनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय ठावं? माझी सासू वलांडायची."

गुरुजी माझ्याकडे वळले. "शेठ, मंगलोरी कौलं अजून मिळतात का हो?"

मनातला ट्रक मी रिकामा केला. म्हटलं, "मिळतात."

तेवढ्यात दगडूनं प्रश्न काढला, "आता हे बसवायचं कसं? तोंड वर का खाली?"

झालं. गुरुजी म्हणाले, वर, हा इतिहास आहे, वरून काच लावू. पाळकसाहेब म्हणाले, वर ठेवलं तर तपासणीला वरिष्ठ आले की मी काय सांगू? काका म्हणाले, पणजोबानं पालथं घातलं ते त्याच्या मनानं नाय, साहेबाच्या भीतीनं. कोणी म्हणालं, वर ठेवलं तर पाहुण्यांचा पाय लागेल. कोणी म्हणालं, खाली ठेवलं तर काढलं कशाला? अर्धा तास नुसता कल्ला.

मार्थाआजी बाकावरून उठल्या. "कसंबी ठिवा," त्या म्हणाल्या. "आमाला काय, वलांडायचंच हाय."

आणि काठी टेकत दाराकडे निघाल्या. फरशी भिंतीला टेकवून उभी होती. तिच्या जागी नुसता वीतभर खड्डा. आजींनी खाली न बघता पाय उचलला, रोजच्याएवढीच ढांग टाकली आणि बाहेर गेल्या.